दोन चाव्या, एक कडं

२१ एप्रिल, रात्री साडेअकरा

पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूरला परत आलो. स्टेशनवरून रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी उतरून पैसे देतानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाण्याच्या दिवशी आमची गल्ली रात्रीपर्यंत ओली असते. कुणी सडा मारलेला असतो, कुणी गाडी धुतलेली असते, कुणाची टाकी वाहून गेलेली असते. आज रस्ता कोरडाठाक. दारादारात बॅरल उघडे ठेवलेले, झाकणं शेजारी टेकवलेली, आणि आत काही नाही.

दार उघडल्या उघडल्या बायकोनं विचारलं, "अहो, गाडी कुठं लावून गेला होता?"

कुठं लावली होती ते मला नीट आठवत होतं. आमच्या भिंतीला लागून, कोपऱ्यावर, रस्त्यात जे चौकोनी लोखंडी झाकण आहे त्याच्यावर. त्या झाकणाखाली आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आहे. काल रात्री उशिरा आलो तेव्हा नेहमीच्या जागेवर कुणाचा तरी टेम्पो उभा होता. झाकण दिसलं नाही असं नाही. सोळा वर्षं त्याच्यावरून जातोय. रात्रीपुरती लावू, सकाळी काढू, असं वाटलं. सकाळी उठलो तो हुतात्मा गाठायच्या गडबडीत. रिक्षा दारातच बोलावली होती. गाडीकडं बघितलंसुद्धा नाही.

सातच्या सुमारास चावीवाला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस, आला. चाकावर काठीनं ठोकलं, मग आमचं दार वाजवलं. बायकोनं सगळं घर हुडकलं. गाडीची दुसरी चावी सापडेना, कारण ती हरवू नये म्हणून मी पहिलीच्याच कड्यात अडकवून ठेवलेली आहे आणि ते कडं माझ्या खिशात कुर्डुवाडीच्या पुढं गेलं होतं. पोरांनी गाडी ढकलून पाहिली. गिअरमध्ये होती, वर हँडब्रेक ओढलेला. गाडी लावताना तेवढी मात्र खबरदारी मी घेतली होती.

चावीवाला वीस मिनिटं थांबला आणि पुढच्या गल्लीत गेला.

दौंडच्या आसपास जाग आली तेव्हा फोनवर सात मिस्ड कॉल होते. चार बायकोचे, तीन गल्लीतल्या अण्णांच्या मुलाचे. अण्णांचा मुलगा म्हणजे जत्रेची वर्गणी असणार असं मी समजलो आणि बायकोला लिहिलं, "कामात आहे. नंतर." कामात नव्हतो. खिडकीतून उसाचे फड बघत होतो.

फोन उचलला असता तरी गाडी काही हलली नसती. हे वाक्य जेवताना मी मनात दोनदा म्हटलं, बायकोसमोर एकदा. तिनं ताटात भाकरी वाढली आणि हात धुवायला तांब्याऐवजी वाटीत पाणी आणून ठेवलं.

२२ एप्रिल

गाडी पहाटेच काढली. चोरासारखी.

मग झोनच्या ऑफिसला फोन केला. आज तासभर तरी सोडता येईल का, असं विचारलं. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की टाकी भरली की ज्याची पाळी त्या भागाला पाणी जातं, तुमची पाळी काल होती, आता सव्वीसला. तक्रार लिहून घेता घेता त्यानं विचारलं, "गाडी कुणाची होती?"

मी म्हणालो, "गल्लीतल्याच एकाची."

हे इथं लिहून ठेवतोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही.

सोलापुरात राहणाऱ्याला पाळी समजावून सांगावी लागत नाही. भीमेवरचं उजनी धरण ११७ टीएमसीचं, राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक, आणि आमच्याच जिल्ह्यात. तरी त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा. उन्हाळा आला की पेपरात रोज "उजनी मायनसमध्ये" असा मथळा. तिथून शंभरेक किलोमीटर पाइपातून पाणी शहरात येतं, थोडं टाकळीहून नदीचं येतं, थोडं हिप्परग्याच्या तलावातलं. सगळं मिळून रोज पुरेल एवढं घरात येत नाही, म्हणून चार दिवसांआड. कधी वीज जाते, कधी पाइप फुटतो, मग पाच दिवसांआड. आमच्याकडं पाहुण्याला "कधी येताय" विचारताना मनात पहिला हिशोब पाण्याच्या दिवसाचा असतो. पुण्याच्या मेव्हण्याला हे विनोदी वाटतं.

म्हणजे गल्लीनं शेवटचं पाणी भरलं सोळाला आणि आता भरणार सव्वीसला. दहा दिवस. चौदा घरं. ४३ अंश.

यात महापालिकेची, धरणाची, पाऊसमानाची, पुढाऱ्यांची चूक असेल तेवढी असो. त्यावर मी पूर्वी भरपूर बोललोय. यावेळी पाणी उजनीहून शहरात आलं, टाकीत चढलं, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलं. शेवटच्या दहा फुटांत आडवा मी होतो.

२३ एप्रिल

कुणी भांडत नाही. तेच अवघड जातंय. कोपऱ्यावरची पोरं क्रिकेट खेळताना मला बघून थांबली. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "बॉल बघ की बे, गाडीला लागंल." आणि सगळी हसली. बास, एवढंच. किराणावाल्यानं तर जास्तच आदरानं "या साहेब" केलं.

दुपारी टँकर मागवला, माझ्या पैशानं. पाच हजार लिटरचा. वाटलं, मोकळं वाटेल. टँकर गल्लीत शिरला तेव्हा मी स्वतः पाइप धरून उभा राहिलो, जणू काही उद्घाटन. बायका बॅरल घेऊन आल्या, पोरं उघडी होऊन धारेखाली नाचली. अण्णांच्या घरच्या अक्कांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"बोअरचं हाय. धुण्याभांड्याला चालंल, वैनी," त्या बायकोला म्हणाल्या. मला नाही. "डाळ नाही शिजायची ह्यात."

आणि खरंच नाही शिजली. आमच्याकडंसुद्धा. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी तूर तशीच टणक. रात्री शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दही.

अण्णा बाहेर आलेच नाहीत. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. पाळीच्या दिवशीही त्यांच्याकडं पाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात बारीक धारेनं जातं, कारण आमच्यासकट आधीच्या बहुतेक घरांनी नळाला थेट मोटर लावलेली आहे. मोटर लावायला बंदी आहे. आम्ही ती पोत्याखाली झाकून ठेवतो. पोतं बघितलं की कुणालाही कळतं की खाली मोटर आहे.

संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. अण्णा आयुष्यभर यंत्रमागावर होते, त्यांचे वडील जुन्या गिरणीत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी. कानात अजून मागाचा खडखडाट असल्यासारखे मोठ्यानं बोलतात. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. पहिलंच वाक्य "अण्णा, त्या दिवशी झालं असं की" असं सुरू झालं आणि माझं मलाच कळलं की हे माफी मागणं नव्हे, हा खुलासा आहे. ऑफिसात नोटिशीला उत्तर लिहितो तसा. थांबलो. म्हणालो, "चूक झाली."

अण्णा म्हणाले, "बसा."

मग बराच वेळ त्यांच्या लहानपणीच्या चाळीतल्या नळाविषयी सांगत राहिले. चाळीला नळ एक. पहाटे तीनपासून घागरींची रांग. माणसं नाहीत, नुसत्या घागरी. गिरणीचा भोंगा झाला की पुरुष पाळीला जायचे, बायका विड्या वळायला बसायच्या आणि घागर रांगेत. तुमचा नंबर आला आणि तुम्ही तिथं नसलात तर मागच्यानं तुमची घागर भरून बाजूला ठेवायची आणि मग स्वतःची लावायची. भांडणं व्हायची, डोकी फुटायची, "पण घागर न भरता पुढं सरकवलेली मी बघितली नाही." एकदा कुणीतरी सरकवली होती म्हणे. पुढं काय झालं ते सांगायच्या आत अक्का चहा घेऊन आल्या.

चहा. त्या घरात, आठव्या दिवशी. मी कप धरून बसलो. प्यायलो नाही तर अपमान आणि प्यायलो तर त्यांच्या कळशीतलं पाणी. प्यायलो.

२४ एप्रिल

सात रस्त्याजवळ एका दुकानाबाहेर पाणपोई आहे. दोन रांजण, ओलं फडकं, साखळीनं बांधलेला पेला. रोज जाता-येता बघतो. त्या साखळीवर मी मागं एकदा बरंच तोंडसुख घेतलं होतं, की दहा रुपयांचा पेलासुद्धा आपल्याकडं बांधून ठेवावा लागतो. आज पहिल्यांदा रांजणाकडं नीट बघितलं. काठोकाठ भरलेले. दुकानदाराला विचारलं, तुमच्याकडं पाणी कधी आलं? म्हणाला, "उद्या यायचंय." म्हणजे शेवटच्या दिवसाच्या साठ्यातलं. त्याच्या घरचं.

पेल्याला साखळी आहे, रांजणाला नाही. इतके दिवस मी साखळीच बघत होतो.

२५ एप्रिल

कपाट आवरताना माझी जुनी कात्रणं निघाली. वाचकांच्या पत्रव्यवहारात आलेली माझी पत्रं. एकूण नऊ. बायको त्यांना "तुमचे निकाल" म्हणते. एक असं, शब्दशः: "ज्या शहराने १९३० मध्ये मार्शल लॉ झेलला, ज्याचे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात हसत फासावर गेले, त्या शहरातील नागरिकास आज लाल दिव्यापाशी थांबता येऊ नये?" दुसऱ्यात ४२वी घटनादुरुस्ती, १९७६, कलम ५१ क, मूलभूत कर्तव्ये. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण हे त्यातलं एक, असं मी जाड अक्षरात लिहून पाठवलं होतं. पेपरवाल्यांनी जाड केलं नाही म्हणून चिडलोही होतो.

पत्रं चुकीची आहेत असं नाही. व्याकरणसुद्धा चांगलं आहे. फक्त नऊच्या नऊ पत्रांमध्ये "मी" हा शब्द कुठं येतो ते शोधलं. एकदाच आला. "असे मी नम्रपणे सुचवू इच्छितो."

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही नावं मला शाळेपासून पाठ आहेत. चावीवाल्याचं नाव मात्र माहीत नव्हतं. सोळा वर्षं तो येतो. आज बायकोला विचारलं तर तिला माहीत होतं. त्याच्या मुलीची बारावी झाली तेही माहीत होतं.

गाडी दोन गल्ल्या सोडून, देवळाच्या मोकळ्या जागेत लावून आलो. परत येताना झाकणावर कुणाचीतरी मोटारसायकल दिसली. हँडल लॉक. कपाळावर आठी आली, तोंड उघडणार होतो. मग दोघांनी मागचं चाक उचलून ती बाजूला ठेवली. दुसरा म्हणजे जिची ती, तोच. आधीच धावत आला होता. "काढतोच होतो काका," म्हणाला. काढत असेलही.

२६ एप्रिल

पावणेचारला उठून बाहेर जाऊन बसलो. सातला येणार हे माहीत होतं, पण झोप लागेना. हळूहळू एकेक दार उघडायला लागलं. पाच वाजेपर्यंत सगळी गल्ली पायऱ्यांवर. कुणीतरी चहाची किटली फिरवली.

सात वाजून दहा मिनिटांनी चावीवाला सायकलवरून आला. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी. मी पुढं होऊन झाकण उचलू लागलो तर म्हणाला, "राहू द्या साहेब, बोटं सापडतील." त्याच्या नावानं हाक मारून म्हणालो, त्या दिवशी तुमची वीस मिनिटं गेली. तो चावी फिरवत म्हणाला, "वीस न्हाई, पंधरा. पुढच्या गल्लीत शिव्या खाल्ल्या त्या येगळ्या." आणि खाली वाकून पाण्याचा आवाज ऐकत राहिला. पाइपातून आधी हवा येते, खोकल्यासारखी. मग गढूळ. मग पाणी.

आमची टाकी अर्धी झाल्यावर मी मोटर बंद केली. बायकोनं आतून विचारलं, "का हो, लाइट गेली?" शेजाऱ्यांची मोटर चालूच होती. त्यांना काही बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर दहावं पत्र झालं असतं. टोकाच्या नळाची धार त्यानं वाढली की नाही सांगता येणार नाही. मला जाडसर वाटली, अण्णा म्हणाले तेवढीच हाय.

बॅरल भरेपर्यंत मी त्यांच्या पायरीवर बसून होतो. खिशातून कडं काढलं, नखानं ओढून दुसरी चावी सोडवली. कडं घट्ट होतं, नख तुटलं. चावी अण्णांना दिली. म्हणालो, तुमच्याकडं राहू दे.

अण्णांनी ती उलटीसुलटी करून बघितली. अक्कांना तेलुगूत काहीतरी सांगितलं. त्यांनी ती आत नेऊन सिद्धेश्वराच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली.

"गाडी चालवता कुणाला येती आमच्यात?" अण्णा म्हणाले. "पोराला येती म्हणा. गिअर काढायला येतोय त्येला."

मग जरा थांबून, "पेट्रोल असतंय ना आत?"