पोकळीचे भाडे

माझ्याकडे लंडनच्या लाल दुमजली बसगाड्यांचा एक छोटा संग्रह आहे. गाड्या मोजून सदतीस आहेत आणि त्यांतली प्रत्येक मुठीत मावते. दादरच्या थांब्यावर, बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळावी म्हणून दोन-दोन बस सोडून देणाऱ्या मुलाने मोठेपणी हा नाद लावून घेतला, याचे मला स्वतःला काही विशेष वाटत नाही. मुंबईत १९३७ साली अवतरलेल्या दुमजली बसच्या वंशातली शेवटची डिझेल गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हापासून तर माझ्या कपाटाकडे पाहणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेत थोडी सहानुभूतीही आली आहे. विशेष वाटते ते या गाड्या माझ्या घरापर्यंत आणण्याच्या खर्चाचे.

गेल्या श्रावणात इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे मला मॅचबॉक्स या छापाच्या खेळण्यांतली पाच क्रमांकाची रूटमास्टर, म्हणजे लंडनची ती प्रसिद्ध दुमजली बस, आढळली. १९६५ साली निघालेले हे मॉडेल, रंग कोपऱ्यांवर किंचित उडालेला, पण मूळ खोके शाबूत होते. किंमत ११ पौंड. ती वाचून मी मनातल्या मनात गाडीची कपाटातली जागासुद्धा मुक्रर केली आणि मग खालच्या ओळीत भारतात पाठवण्याचे १९ पौंड दिसले. नाकापेक्षा मोती जड असे आपण म्हणतो. इथे मोत्यापेक्षा नथीची डबी जड झाली होती.

या खेळण्याच्या नावामागची हकिगत ठाऊक असली की हा हिशेब अधिकच टोचतो. लंडनच्या लेस्नी या कारखान्यातले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची मुभा होती, म्हणून त्यांनी पितळेचा एक इवलासा रोडरोलर करून आगपेटीत घालून तिला दिला, आणि त्या युक्तीतून १९५३ साली मॅचबॉक्स हे नाव बाजारात आले, असे सांगतात. म्हणजे आगपेटीत मावणे ही ज्या वस्तूच्या जन्माचीच अट, ती माझ्या दारात येते तेव्हा पाच लिटरचा कुकर सहज बसेल एवढ्या खोक्यातून येते.

आणि भाडे पडते ते त्या खोक्याचे. विमानाच्या पोटात हलक्या पार्सलांनी जागा आधी संपते आणि वजनाची मर्यादा लांबच राहते, म्हणून कुरियरच्या धंद्यात खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा, त्याला बहुधा ५००० ने भागायचे आणि येणारा आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त भरला तर तेवढे किलो धरून पैसे लावायचे, अशी रीत आहे. ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचे खोके या रीतीने तीन किलोचे ठरते, मग त्यात अर्ध्या किलोच्याही आतल्या तीन बसगाड्या का असेनात. उरलेल्या अडीच किलो हवेचे विमानाचे तिकीट मी काढतो.

याचा राग यायला हवा, पण तो धरावा तरी कोणावर? ती हवा मीच मागवलेली असते. साठ वर्षांपूर्वीचे पातळ पुठ्ठ्याचे मूळ खोके चेपले, त्याची एखादी पाकळी फाटली, तर संग्राहकाच्या लेखी वस्तूचे मोल बरेच उतरते. म्हणून गाडीभोवती खोके, खोक्याभोवती फुगेवाला प्लास्टिकचा कागद, त्याभोवती चुरगळलेली वर्तमानपत्रे आणि सर्वांत बाहेर दुपदरी पुठ्ठा, असा सगळा लवाजमा आम्हीच विक्रेत्याकडून हक्काने मागून घेतो. एकदा खर्चाने जेरीस येऊन मी एका वयस्क विक्रेत्याला सुचवून पाहिले, की खोके उलगडून सपाट करावे, गाडी लोकरीच्या मोज्यात घालावी आणि दोन्ही मिळून पाकिटातून पाठवावे. त्यांचे अत्यंत सभ्य उत्तर आले, की असे केल्यास आपल्याला रात्री झोप लागणार नाही. मला त्यांचे म्हणणे पटले, कारण त्यांनी होकार दिला असता तर पार्सल हाती पडेपर्यंत मलाही लागली नसती.

साधे टपाल अजून काट्यावरचे वजन मानते, आणि दोन किलोपर्यंतच्या छोट्या पाकिटाची सोय हा आमच्यासारख्यांचा मोठा आधार आहे. पण तिथेही जुने दिवस राहिले नाहीत. १८७४ मध्ये बर्नला जागतिक टपाल संघ स्थापन झाला आणि दोनच वर्षांत भारत त्यात सामील झाला, तेव्हा ज्या देशात तिकीट लागले त्यानेच पैसे ठेवावेत आणि ज्या देशात पत्र वाटायचे त्याने ते फुकट वाटावे, असे ठरले होते. त्यामागचा विचार मला फार लोभस वाटतो: प्रत्येक पत्राला उत्तर जातेच, तेव्हा फिटंफाट होईल. ही सज्जन समजूत १९६९ पर्यंत टिकली आणि मग पाठवणाऱ्या देशाने वाटणाऱ्या देशाला मोबदला द्यावा, असा नियम झाला. माझ्या पार्सलांना तर उत्तर कधीच जात नाही, त्यामुळे या बाबतीत मला बोलायला तोंड नाही.

खरी हळहळ वाटते ती जहाजाच्या टपालाची. दोन-तीन महिने लागोत, पण कमी खर्चात येऊ दे, म्हणणाऱ्यांसाठी ती वाट होती. अमेरिकेच्या टपाल खात्याने मे २००७ मध्ये परदेशी जाणारे जहाजी टपाल बंद केले आणि तिथून काही मागवायचे तर वेळ हाताशी असलेल्या माणसालाही घाईच्या माणसाचे भाडे भरणे आले. पासष्ट सालची बस आणखी एक पावसाळा वाट पाहू शकते, हे कोणत्याच दरपत्रकात बसत नाही.

पार्सल मुंबईत उतरले तरी वाहणावळ पाठ सोडत नाही. सीमाशुल्क आकारताना वस्तूच्या किमतीत इथवरचे भाडे आणि विमा मिळवून मग टक्केवारी लावतात, म्हणजे ११ पौंडांच्या बसवर ३० पौंडांच्या हिशेबाने कर, आणि हवेच्या तिकिटावरही कर. लेस्टरला राहणारी माझी मावसबहीण म्हणाली, की दादा, मी भेट म्हणून पाठवते. तिला सांगावे लागले, की भेट म्हणून टपालाने किंवा कुरियरने करमाफीत येणाऱ्या मालाच्या आयातीवर डिसेंबर २०१९ मध्ये बंदी आली असून तिच्यातून फक्त जीवरक्षक औषधे आणि राखी यांना वगळले आहे. राखी, पण राखीसोबतची भेटवस्तू नव्हे, असा खुलासाही त्या आदेशात आहे. ओवाळणी भावाने बहिणीला घालायची असते, एवढे भान ठेवून तो लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

तेव्हा उरतो तो आपल्या लोकांचा जुना मार्ग, येणाऱ्या-जाणाऱ्याची बॅग. पण चकली-भाजणीने भरून गेलेली बॅग परतताना चॉकलेटे आणि नातवंडांचे कपडे यांनी भरते, आणि त्यात माझ्या नावाने एक मोजा फार तर मावतो.

गंमत अशी, की हे भाडे उलट्या दिशेनेही तितकेच सलते. लिव्हरपूलच्या डिंकी टॉइजचे जुने साचे एके काळी कलकत्त्याला आले आणि त्यांतून निकी टॉइज या नावाने गाड्या ओतल्या गेल्या. ऐंशीच्या दशकात लिओ या नावाने हॉट व्हील्सच्या गाड्याही भारतातच बनत. तेव्हा आपण त्या अंगणात आपटून-आपटून संपवल्या. आज परदेशातले संग्राहक त्यांच्या मागे आहेत, आणि अशीच एक चाक निखळलेली लिओ मी एका जर्मन गृहस्थांना पाठवायला टपाल कार्यालयात गेलो, तेव्हा हशिलाचा आकडा ऐकून मला त्या अनोळखी माणसाविषयी सख्ख्या भावासारखा जिव्हाळा वाटला.

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी माळ्यावरची रिकामी खोकी खाली येतात. यंदा चौदा निघाली. बायकोने रद्दीवाल्याला हाकही मारली होती. मी टेप घेऊन एक मोजले, ३० बाय २५ बाय २०. कपाटातल्या कुठल्याही बसपेक्षा त्याला जास्त पैसे पडले होते. रद्दीवाला दारात ताटकळत होता. त्याला वर्तमानपत्रे दिली, आणि खोकी एकात एक घालून पुन्हा माळ्यावर चढवली.