तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन असताना हाताने का?

"मशीनवर पाच मिनिटांत होतंय की ओ, हातानं कशाला?" मी हातानं शिवलेल्या चामड्याच्या बॅगेचा दर ऐकला की हा प्रश्न येतोच. आणि भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाला मिळणारा नावाचा हक्क, आहे ते कोल्हापुरी चपलेला, बॅगेला नाही; तेव्हा नावाचे पैसे घेताय, असंही म्हणू नका. चपलेचा तळ चामड्याच्या वादीनं शिवतात, तो विषय वेगळा. इथं दोऱ्याचं बोलू.

मशीनचा वरचा दोरा वरच राहतो, बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, खाली. चामड्याच्या पोटात ते एकमेकांत अडकतात, बस. एक झिजून तुटला की शेजारचे टाके सुटायला लागतात. हाताच्या शिवणीत एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक पदर तुटला तरी दुसरा सलग धरून असतो.

वेळ जातो तो त्या भोकापाशी. कडेपासून 4 मिमी आत कंपासनं रेघ, तेवढ्याच अंतरानं खुणा, शिवणीच्या चौपट दोरा, त्याला मेण: इथवर कुणालाही जमतं. आरीचं, म्हणजे भोक पाडायच्या टोच्याचं, पातं रेघेला तिरकं, पण आत घुसवायचं सरळ. कलली की पुढची ओळ सुबक आणि मागची दारू प्यायल्यासारखी. आता डावी सुई गेली, दोरा ओढला. त्याच भोकात उजवी घालताना पहिला दोरा एका कोपऱ्याकडे ताणून धरायचा. नाही धरला तर सुई दोऱ्यातूनच जाते, आणि तेव्हा कळतही नाही. आवळायला गेलं की दोरा हलत नाही. जोर लावला तर तंतू फाटतात, नाहीतर सुया आल्या वाटेनं उलट काढायच्या. आधी डावी म्हणजे शेवटपर्यंत आधी डावी. क्रम चुकला तिथं ओळीचा तिरकेपणा मोडतो. टाका सैल राहिला तर दोरा वर येऊन घासतो, जास्त आवळला तर मऊ चामडं चिरतं. शेवटचे 3 टाके उलटे घेऊन टोकं कापायची, शिवण हातोडीनं हलकेच बसवायची.

मशीनचा टाका म्हणजे कच्चा, असं मी पूर्वी सरसकट म्हणायचो. आता म्हणत नाही. अस्तर, चेन मीही मशीनवरच शिवतो. मग ताण नाही तिथली बाहेरची शिवणही हातानं का, याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. मशीनचाच दर हवा असेल तर सांगा, तशी देतो. फक्त पट्ट्याचा जोड हातानंच घेईन, त्याचे पैसे वेगळे पडतील.