मधली पानं

नवरात्र आलं की सकाळच्या पेपरात आधी दोन गोष्टी बघितल्या जातात. आजचा रंग कुठला आणि आजची दुर्गा कोण. रंगाचं काम सोपं असतं, त्या रंगाची साडी नेसून फोटो काढला की झालं. दुर्गेला मात्र पाव पान मिळतं. कुणी भाजीच्या गाडीवर मुलीला इंजिनिअर केलेलं असतं, कुणी नवरा गेल्यावर त्याचीच रिक्षा चालवायला घेतलेली असते, कुणी उसाच्या फडातून उठून थेट पोलिसात भरती झालेली असते. मी हे सगळं वाचते. पोह्यांची बशी हातात घेऊन वाचते आणि बशी खाली ठेवून डोळेही पुसते. आठ मार्चच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतल्या मुलाखती, दहावीच्या निकालानंतरच्या 'धुणीभांडी करणाऱ्या माउलीच्या लेकीचं यश' छापाच्या बातम्या, काहीही सोडत नाही. घरात यावरून माझी चेष्टा होते. होऊ दे.

पण अलीकडे या सगळ्यातलं एक वाक्य मला खुपायला लागलंय. 'पण तिने हार मानली नाही.' ते बरोबर मध्यावर येतं. त्याच्या वर अठराविश्वे दारिद्र्य, व्यसनी नवरा आणि पदरात दोन लेकरं. त्याच्या खाली स्वतःचा व्यवसाय, चार बायकांना रोजगार आणि शाल-श्रीफळ. मधली दहा-बारा वर्षं या पाच शब्दांत गडप! आणि मला तर तीच हवी असतात. पहिलं भांडवल कुणी दिलं, त्यावर व्याज किती लावलं? ती गाडीवर उभी असायची तेव्हा धाकटं कुणाच्या ओसरीवर खेळायचं? सासू काय म्हणाली? हार मानली नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं नेमकं काय केलं?

लिहिणाऱ्याला तरी काय बोलायचं? पाव पान, त्यात अर्धा फोटो, वर कार्यालयातून फोन की मजकूर कापा. कापायला मधलंच सापडतं.

म्हणून मग मी जिची गोष्ट तिनं स्वतः लिहिली आहे, अशा पुस्तकांकडे वळले. आप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तकं आणि गाईडांच्या ढिगांतून वाट काढत गेलं की अशी पुस्तकं मिळतात. जुनी हवी असतील तर ग्रंथालयात जावं, पिवळ्या पानांवर आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं रेघा ओढून ठेवलेल्या असतात. आपल्या मराठीत या बाबतीत श्रीमंती आहे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालच्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या, नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्यावरून त्यांना नकोसं करून सोडलं. घरोघरच्या राजकारणाचा इतका बारीक तपशील तेव्हाच्या पुरुषांच्या चरित्रांत मला तरी सापडला नाही. पुरुष सभेत होते. स्वयंपाकघरात काय चाललंय ते त्यांना कसं कळणार?

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर मी कुठलंही पान उघडून वाचते. सोवळ्याच्या वेडापायी दिसेल ती वस्तू धुऊन घेणारे वडील, अकराव्या वर्षी लग्न, तापट सासरे, न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा, आणि पुढे १८९५ मध्ये त्यानं ख्रिस्ती होणं. कुठल्याही पुरवणीच्या संपादकाला हा ऐवज मिळाला असता तर त्यानं वाचकांना रुमालच वाटले असते. आणि या बाई काय करतात, तर हसवतात! स्वतःला, नवऱ्याला, आल्यागेल्याला. जिथं आपला गळा दाटायला लागतो तिथं त्यांची एखादी तिरकस ओळ येते आणि आपली फजिती होते. त्या रडल्या नसतील असं नाही. रडल्याचंही लिहिलंय. पण रडून झाल्यावर चूल पेटवायला लाकडं होती की नव्हती, हेही त्या सांगायचं सोडत नाहीत.

बेबीताई कांबळ्यांचं याहून निराळं. फलटणचं त्यांचं किराणा दुकान. आधी नवरा-बायकोनं सुटी द्राक्षं विकली, मग भाजी, मग हळूहळू दुकान उभं राहिलं. मालाच्या पुड्या बांधायला रद्दीचे कागद यायचे, ते त्या दुकानात बसून वाचायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्याही. लिहिलेलं घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून जवळजवळ वीस वर्षं लपवून ठेवलं. पुढे १९८२ च्या सुमाराला ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि 'जिणं आमुचं' झालं. आता मला सांगा, या वीस वर्षांचं काय करायचं? एक बाई तेल-मीठ तोलतेय, पोरं सांभाळतेय, मार खातेय (हेही त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं) आणि गल्ल्यामागे बसून आपल्या दलित समाजाचं दुःख कागदावर उतरवतेय. कुणी म्हणेल, जिद्द. मला त्या पुड्यांच्या कागदांचं कुतूहल वाटतं. अर्धीच बातमी, कापलेली गोष्ट, मागच्या बाजूला जाहिरात. पुढचं काय झालं हे कळायच्या आत तो कागद पाव किलो साखर घेऊन गिऱ्हाइकाबरोबर गेलेला.

कोथरूडला आम्हा बायकांचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एकदा आळीपाळीनं एकेकीच्या घरी जमतो, अर्धा वेळ पुस्तक आणि अर्धा वेळ गुडघे. तिथं मी मोठ्या हौसेनं प्रस्ताव मांडला की वर्षभर अशीच पुस्तकं घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. गटातल्या सर्वांत वयस्कर काकू तेवढ्या गप्प. त्यांचा नवरा मुलं लहान असतानाच गेला आणि शिलाई मशीनवर त्यांनी तिघांना वाढवलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटलं, जुनं आठवून मन भरून आलं असेल.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"मला कशाला असली पुस्तकं?" त्या म्हणाल्या. "मला माहितीये ते सगळं. तुम्ही वाचा हवं तर. मला एखादी खुनाची गोष्ट असेल तर दे. खुनी शेवटपर्यंत कळता कामा नये, एवढं बघ."

काकू खरंच रहस्यकथांचा फडशा पाडतात, हे मला नंतर कळलं. दुपारी जेवण झालं की त्यांना एक प्रेत लागतं. 'स्मृतिचित्रे' मात्र त्यांनी वाचलं, आणि आवडलं का विचारल्यावर म्हणाल्या, "बाई खोटं बोलत नाही. मोठेपणा घेत नाही." मग चष्मा काढून, "शिलाईच्या दिवसांचं मला कुणी विचारलं ना, तर लोकांना ऐकायचं असतं मी किती रडले. रडायला वेळ कुठं होता? ब्लाउजची तारीख दिलेली असायची. काज-बटण बाहेर द्यायचं तर बटणामागे पैसे जायचे, म्हणून तेही रात्री मीच करायची. हे कुणी विचारत नाही." मी विचारलं. त्यांनी सांगितलं. तासभर फक्त अस्तराच्या कापडाचा भाव आणि लग्नसराईतली उधारी. रविवार पेठेतला एक व्यापारी अस्तर उधार द्यायचा, दुसरा द्यायचा नाही. न देणाऱ्याला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. चहा दोनदा झाला. इतकी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

तर मधली पानं ही अशी असतात. आणि काही गोष्टींत शेवटचंच पान नसतं, त्यांचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. तिथं रुजू व्हायच्या आधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, इथं पुण्यात क्षयानं गेल्या. वय एकवीस. आपण त्यांची गोष्ट पदवीपाशी थांबवून मुलांना सांगतो. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं, पुण्यातच छापलं गेलं. सुरतेच्या एका विधवेला तान्ह्या मुलाच्या हत्येवरून शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना धारेवर धरलं, त्याचा संताप त्या पुस्तकात आहे. नंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हे एक पुन्हा वाचकांसमोर यायला १९७५ साल उजाडलं. हार मानली की नाही मानली, कुठल्या रकान्यात टाकणार?

आणि मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. मी तो वाचते तेव्हा आधी तिच्या वयाकडे लक्ष जातं आणि मग जात नाही, कारण ती सरळ धर्माचाच हिशेब मागायला लागते. तिथं यश नाही, सत्कार नाही. नुसता सवाल आहे.

दगडूशेठच्या समोर भिडे वाडा होता, तिथं १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारक व्हायचंय. त्याच १८४८ मध्ये आपलं पुणे नगर वाचन मंदिरही सुरू झालं. एकाच वर्षी गावात शाळा नि ग्रंथालय. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला गेले की मला हे हमखास आठवतं, आणि हातात पिशव्या असल्यामुळे हमखास विसरायलाही होतं.

परवा भाची आली होती. चौथीत आहे. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचं भाषण करायचं होतं, बाईंनी लिहून दिलेला कागद घेऊन पाठ करत बसली. वाटेत लोक शेण नि चिखल मारायचे, म्हणून सावित्रीबाई पिशवीत जादा साडी न्यायच्या, ही गोष्ट त्यात होतीच. पुढचं वाक्य काय असणार ते मी मनात म्हटलं, आणि तिनं ते खणखणीत आवाजात म्हटलं. पण तिथंच थांबली.

"आत्या, शाळेत गेल्यावर साडी बदलायच्या कुठं? वर्गात तर मुली असणार."

मी गप्प. एवढं वाचलं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. वाड्यात आतली खोली असेल, म्हटलं. मग तिला पुढचे प्रश्न सुचत गेले. शेणाची साडी धुवायची कोण? ती वाळेपर्यंत तिसरी होती का? पावसाळ्यात काय? तेव्हा मी तिला पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या मलालाची रोजनिशी दाखवली. २००९ मध्ये अकरा वर्षांच्या या मुलीनं 'गुल मकई' या टोपणनावानं बीबीसी उर्दूसाठी लिहिलेली. शाळेत गणवेश घालू नका असं सांगितलं, म्हणून ती आपला आवडता गुलाबी ड्रेस घालून गेली, आणि प्रार्थनेच्या वेळी ताकीद मिळाली, रंगीत कपडे नकोत, तालिबानला चालणार नाही. भाचीनं ते दोनदा वाचलं. बंदुकीच्या गोळीची गोष्ट तिला आधीच माहीत होती, ड्रेसची नव्हती.

साडी बदलण्याचा प्रश्न तिनं आपल्या भाषणात घातला. वहिनीनं 'कशाला उगाच' म्हणून पाहिलं, पण पोरगी ऐकेना. स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. पहिला नंबर कपाळावर आडवं कुंकू रेखून, नऊवारी नेसून 'मी सावित्री बोलतेय' करणाऱ्या मुलीला. संध्याकाळी मला फोन आला.

"आत्या, ती म्हणाली की मी शेण झेललं. आणि साडी बघ ना, एकदम कोरी! लेबलपण दिसत होतं."