व्हेल शार्क आणि एका सहीची गोष्ट

मालदीवचं तिकीट, गेस्टहाउस, पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा, सगळं सुरळीत झालं. अडलं ते मिरजेत, एका सहीपाशी.

स्कूबा डायव्हिंगआधी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याआधी, तिथलं सेंटर आरोग्याची प्रश्नावली पाठवतं. सगळी उत्तरं 'नाही' असतील तर आपली सही पुरते. माझी पंचेचाळिशी उलटलेली, बीपीची गोळी चालू. म्हणजे डॉक्टरांची सही हवी. अर्ध्या कर्नाटकातून पेशंट येतात त्या मिरजेत सहीला काय अडचण?

आमच्या नेहमीच्या मोठ्या दवाखान्यात काउंटरवर फॉर्म न वाचताच 'फिटनेस' म्हणून केसपेपर काढला. डॉक्टरांनी बीपी बघितलं, लेटरहेडवर 'फिट' लिहिलं, शिक्का मारला. सेंटरने ते परत पाठवलं, सही त्यांच्याच फॉर्मवर हवी. पुन्हा रांग. या वेळचे डॉक्टर दुसरे. फॉर्म उलटसुलट करून म्हणाले, "ताई, या वयात पाण्याखाली कशाला? बोटीतून बघा की." मी कृष्णेत पोहायला शिकलेली बाई, मला बोटीतून बघायचं नव्हतं. मग हृदयरोग विभागात धाडलं. तिथे ईसीजी काढला आणि सांगितलं, सही पहिले डॉक्टर करतील. पहिले डॉक्टर रजेवर. 'तुम्ही फिट नाही' असं कुणी म्हटलं असतं तर मी निमूट ऐकलं असतं. तसंही कुणी म्हणेना आणि सहीही करेना, याचा संताप अजून जात नाही.

शेवटी काम केलं सांगलीच्या एका फिजिशियनबाईंनी. या फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका असते. 'अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी' या डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्रात काम करणाऱ्या संस्थेच्या साइटवर मिळते. ती छापून नेली. बाईंनी समोर बसून वाचली, कान तपासले, बीपीची गोळी नेमकी कुठली ते विचारलं (काही गोळ्यांनी श्रम झेपत नाहीत म्हणे), स्ट्रेस टेस्ट करायला लावली आणि रिपोर्ट बघून सही केली. इतकं सरळ काम होतं! मार्गदर्शिकेची एक प्रत त्या मोठ्या दवाखान्याच्या काउंटरवरही देऊन आले.

तेव्हा फॉर्म तिकिटाआधीच मागवून घ्या, आणि काउंटरवर 'फिटनेस सर्टिफिकेट' हे शब्द काढूच नका.

नुसता व्हेल शार्कच बघायचा असेल तर स्कूबाची गरज नाही. मालदीवच्या दक्षिण आरी अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) तो प्रवाळाच्या कडेने वरवर पोहतो, मास्क आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) पुरतं. स्कूबा मला मांटांसाठी, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेल्या मोठ्या चपट्या माशांसाठी, हवं होतं. छोटे मासे त्यांचं अंग साफ करतात ती जागा खालून बघायची होती. बघितली, आणि सहीसाठीची सगळी पायपीट वसूल झाली.

व्हेल शार्क दिसला तो दुसऱ्याच सकाळी. इतर शार्कांसारखं तोंड खाली नाही, थेट पुढे, आडवं पसरलेलं. करड्या पाठीवर पांढरे ठिपके, प्रत्येकाची नक्षी वेगळी. त्यावरूनच अभ्यासक एकेकाला ओळखतात. पोटाला रेमोरा (मोठ्या माशांना चिकटून फिरणारे छोटे मासे) चिकटलेले. हा जगातला सगळ्यात मोठा मासा, पण पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, त्यामुळे भीती नको. अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. शेजारच्या बोटीतले दोघे त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले तेव्हा मी पाण्यातूनच ओरडले.

एक राहिलंच. शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. पाण्याचे दिवस आधी ठेवा, माले शहर शेवटी बघा.