खूण डोक्याकडे, सर

रात्री अडीचला मला बोलावलं तेव्हा रुग्ण खाटेच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. एका दमात दोन शब्दांपलीकडे बोलता येत नव्हतं. वर्षानुवर्षांचं धूम्रपान, फाइलवर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा शिक्का, छातीत शिट्ट्या. रक्तदाब 210/110 होता, तो मी धापेच्या खात्यावर टाकला. "नेब्युलायझर चालू ठेवा," म्हणालो आणि वळलो.

दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट जागची हलली नाही. "सर, दोनदा देऊन झालं, फरक नाही. छातीवर एकदा सोनोग्राफीचा प्रोब ठेवू?"

खरं सांगतो, राग आला. हवेने भरलेल्या फुप्फुसात सोनोग्राफीला काही दिसत नाही, हे मी शिकलो होतो आणि तेच वर्षानुवर्षं शिकवतही आलो होतो.

तिने बरगड्यांच्या मध्ये प्रोब टेकवला, त्याच्या कडेची दिशादर्शक खूण नीट धरून. कोरड्या फुप्फुसात आडव्या रेषा दिसतात. इथे फुप्फुसाच्या आवरणापासून उभ्या पांढऱ्या पट्ट्या थेट पडद्याच्या तळापर्यंत उतरत होत्या, श्वासाबरोबर सरकत होत्या. दोन बरगड्यांमध्ये तीन दिसल्या तरी पुरे. इथे मोजायची सोय नव्हती. दुसऱ्या बाजूलाही तेच. फुप्फुसात पाणी भरलं होतं, आणि शिट्ट्या वाजत होत्या त्या हृदय कमी पडत असल्यामुळे.

रक्तदाब उतरवायला नायट्रोग्लिसरीन, पाणी काढायला फ्युरोसेमाइड, घट्ट मास्कमधून दाबाने ऑक्सिजन. तासाभराने तो मास्क बाजूला करून म्हणाला, "हे कधी काढणार?" अख्खं वाक्य!

ईसीजीत हृदयविकाराच्या झटक्याचं ताजं काही नव्हतं. मग हे आजच का? रेसिडेंटने औषधांची यादी घेतली होती, नीट घेतली होती. रक्तदाबाच्या गोळ्या रोज चालू होत्या. मी त्याच्या पत्नीला वेगळं विचारलं, "दुखण्याखुपण्यासाठी काय घेतात?" तिने पिशवीतून डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी काढली. गुडघ्यासाठी, आठ दिवस, दिवसातून तीनदा. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात.

"मी विचारलं होतं, सर," रेसिडेंट ओशाळून म्हणाली.

"तू औषधं विचारलीस. वेदनाशामकाला लोक औषध म्हणत नाहीत."

सकाळी राऊंडनंतर तिला थांबवून म्हटलं, आता मला शिकव. मोठ्या ऐटीत प्रोब हातात घेतला. तिने क्षणभर वाट पाहिली, मग माझ्या हातातला प्रोब हळूच फिरवला.

"खूण डोक्याकडे, सर."