जळमट कुणाचं?

मे महिन्यातली सोलापुरातली दुपार. वीज गेलेली, पंखा थांबलेला. पाठ टेकली की नजर छताच्या कोपऱ्यातच जाते. तिथे जळमट. घरातल्या प्रत्येक जाळ्याला आपल्याला हा एकच शब्द पुरतो, आणि त्यातही कोळ्यापेक्षा धूळच जास्त ऐकू येते.

कोळी ओळखायचा तर आधी जाळं बघावं. छताच्या कोपऱ्यात आकार ना उकार असं जाळं आणि त्यात उलटा लटकलेला, केसासारख्या पायांचा कोळी असेल, तर तो फोल्सिड. काडीने डिवचलं की अंग इतकं गदगदा हलवतो की धूसर होऊन जातो. मादीच्या तोंडातली पुरचुंडी म्हणजे अंडी, खाऊ नव्हे. भिंतीवर रुपयाएवढा पांढरा पापुद्रा दिसला तर त्याखाली ओइकोबियस नावाचा कोळी. जीव दोन-तीन मिलिमीटरचा, पण मुंगीभोवती गरागरा फिरून तिला बांधून टाकतो. रांजणाच्या तिवईखालच्या गुंत्यातून ताठ धागे जमिनीला टेकलेले असतील तर तो थेरिडिड. डिंक फक्त धाग्यांच्या खालच्या टोकांना. मुंगी चिकटली, धागा जमिनीपासून सुटला, मुंगी वर! भिंतीवर धावणारा तळहाताएवढा कोळी मात्र सावज धरायला जाळं बांधतच नाही, उगाच बदनाम.

गोल जाळं बघायचं ते अंगणात, अंधार पडल्यावर. बॅटरी समोरून मारली तर काही दिसत नाही, बाजूने मारावी. पहिला धागा वाऱ्यावर सोडलेला, तो पलीकडे अडकला की पूल. मग चौकट, मग आरे. मधून बाहेर एक कोरडी, तात्पुरती वेटोळी, ती नुसती पाय ठेवायला. शेवटी बाहेरून आत चिकट वेटोळी, आणि जाता जाता कोरडी काढून टाकायची.

या कोळ्याला विणकर म्हणतात. सोलापुरात तरी जपून म्हणावं. मागावर आडवा बाणा उभ्या ताण्याच्या वरून-खालून जातो. इथे धाग्यावर धागा नुसता चिकटवलेला. एकही धागा खालून घेतलेला नाही. पिढीजात विणकाम करणारे इथले पद्मशाली आजोबा याला विणकाम म्हणणार नाहीत.

दिवाळीच्या आधी बांबूला केरसुणी बांधली जाते, जाळं निघतं, कोळी ट्यूबलाइटच्या पट्टीमागे सरकतो. रात्री पुन्हा कामाला. त्याला लोडशेडिंगचं काय!