जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, कोणत्या पोस्टवर काय काम ते लिहिलेला कागद) लिहायला म्हणून लाइनवर गेले आणि तिथेच अडकले (माझा अनुभव, जरा मोठा आहे)

चाकणला एका वायर हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत मी एचआरला होते, नाव लिहीत नाही कारण माझी माणसं अजून तिथे आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात आयएटीएफ १६९४९ चं (गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड) ऑडिट झालं. ऑडिटरने फाईलमधली एक जेडी वाचली आणि सरळ प्रॉडक्शन लाइनवर जाऊन त्या पोस्टवरच्या ताईंना विचारलं, तुमचं काम काय काय असतं सांगा. त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं जेडीत नव्हतं आणि जेडीत जे होतं त्यातल्या दोन गोष्टी त्या पोस्टवर कोणी करतच नव्हतं. एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमधली त्रुटी) पडली. जेडी माझ्या आधीच्या कोणीतरी नेटवरून उचललेल्या होत्या पण एनसी क्लोज करायचं माझ्या गळ्यात आलं.

मॅनेजर म्हणाले आठ दिवसात उरकून टाक. मी फॉर्म काढला, तुमची रोजची कामं लिहा, कशाला किती वेळ लागतो लिहा, काय अडचण येते लिहा. चाळीस फॉर्म वाटले, एकतीस परत आले आणि त्यातले वीसेक तर एकाच अक्षरात होते, म्हणजे एकीने लिहायचं आणि बाकीच्यांनी सही ठोकायची. अडचणीच्या रकान्यात सगळीकडे "काही नाही". तेव्हा मला राग आला होता, आता कळतं की असा फॉर्म मला आला असता तर मीही तेच लिहिलं असतं. समोरच्याला हे कशासाठी चाललंय हेच माहीत नाही, तो खरं का लिहील?

मग पॅड घेऊन लाइनवर उभी राहिले आणि तिथे दुसरी चूक केली, कोणाला काही न सांगता उभी राहिले. दुपारपर्यंत कँटीनमध्ये पसरलं की माणसं कमी करणारेत, म्हणून एचआरच्या मॅडम मोजायला आल्यात. दोन दिवस सगळ्यांनी अगदी पुस्तकात असतं तसं काम केलं, कोणी जागचं हललं नाही, त्या दोन दिवसांचं सगळं लिखाण मी फाडून टाकलं. तिसऱ्या दिवशी युनियन कमिटीच्या दोघांना आणि सुपरवायझरला एकत्र बसवून सांगितलं की हे कशासाठी आहे, काय लिहिणार, कोणाला दाखवणार, आणि नाव कुठेही येणार नाही. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर आठवडा वाचला असता. हे काम करणाऱ्या कोणीही कृपा करून आधी हे करा.

ज्यांना हार्नेस म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीतल्या सगळ्या वायरींचा तो जुडगा. आधी वायर कापतात, टोकाला टर्मिनल (धातूचं छोटं टोक) क्रिम्प करतात, म्हणजे दाबून घट्ट बसवतात, मग ते टर्मिनल प्लास्टिकच्या कनेक्टरमधल्या ठरलेल्या खाचेत बसवतात, हे इन्सर्शन. मग बोर्डवर वायरी मांडून टेपिंग आणि शेवटी टेस्ट बोर्ड, तिथे सगळे कनेक्टर लावले की दिवा हिरवा झाला तर लेबल निघतं, लाल झाला की कुठेतरी वायर चुकीच्या खाचेत गेलीय.

टेस्ट बोर्डवरच्या ताई नऊ वर्षं तिथे होत्या. जेडीत त्यांचं काम दोन ओळींचं, हार्नेस टेस्ट करणे आणि नोंद ठेवणे. त्यांच्या शेजारी स्टुलावर तीन दिवस बसले तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी अॅप्रनच्या खिशातून एक छोटी वही काढली. त्यात बॉलपेनने कनेक्टरची चित्रं होती, सहा खाचांचा, आठ खाचांचा, आणि जिथे चुका होतात तिथे गोल. एका पानावर लिहिलं होतं "हिरवा-पांढरा आणि हिरवा-पिवळा, रात्रपाळीला उलट होतात, टूबलाइट गेलीय". मी चक्रावलेच. कोणीही न सांगता ही बाई नऊ वर्षं चुकांचा अभ्यास करत होती आणि तो खिशातच राहत होता, कारण विचारायला कोणी गेलंच नव्हतं. ती टूबलाइट मी त्याच दिवशी बदलून घेतली.

मग वर्क सॅम्पलिंग केलं. ही पद्धत एल. एच. सी. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने कापड गिरण्यांसाठी काढली होती. सतत घड्याळ लावून उभं राहायचं नाही, दिवसभरात कधीही अचानक फेरी मारायची आणि त्या क्षणाला माणूस काय करतोय तेवढंच टिपायचं. चार पोस्ट, दिवसाला पंधरा फेऱ्या, सहा दिवस, म्हणजे ३६० नोंदी. त्यातल्या ११८ वेळा माणूस स्वतःच्या बोर्डवर नव्हता किंवा हात रिकामे होते. कुठे होता? कनेक्टरचा बिन (डबा) संपला म्हणून स्टोअरला, एकच नोंद दोन रजिस्टरला करत, नाहीतर सुपरवायझरला शोधत. म्हणजे वेळेचा एक तृतीयांश भाग असा जात होता आणि मीटिंगमध्ये आम्ही म्हणायचो ऑपरेटर स्लो आहेत.

इथपर्यंत नुसता जॉब अॅनालिसिस, म्हणजे काम नक्की काय आहे ते शोधणं. जेडी लिहून फाईल बंद करता आली असती, मॅनेजरांचंही तेच म्हणणं होतं, पण मला ते पटेना. एमपीएमला (एचआरचा पदव्युत्तर कोर्स) हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांचं काम कसं आखावं यावरचं मॉडेल शिकलो होतो, कामात वैविध्य हवं, पूर्ण वस्तू आपण केली असं वाटायला हवं, त्या कामाचं महत्त्व कळायला हवं, थोडं स्वातंत्र्य हवं आणि आपलं काम कसं झालं ते परत कळायला हवं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं इथे डोळ्यासमोर दिसत होतं. इन्सर्शनवाल्या मुलीची चूक टेस्टला सापडायची, हार्नेस रिवर्कच्या टेबलावर जायचा, तिथे तिसराच माणूस दुरुस्त करायचा आणि त्या मुलीला कधी कळायचंच नाही. ती तीच चूक पुन्हा करायची. आणि टेपिंगवाल्या मावशी, त्यांनी मला उजव्या अंगठ्याचा सांधा दाखवला, सुजून चकचकीत झालेला, दिवसभर तोच अंगठा टेपवर दाबून फिरवायचा.

आमच्या सरांनी एकदा अहमदाबादच्या कॅलिको मिलचं सांगितलं होतं, १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले, माग तेच ठेवले पण विणकरांचे छोटे गट करून गटाने आपापले माग सांभाळायचे असं केलं, आणि काम सुधारलं. हे परदेशातलं फॅड नाही, आपल्याकडच्या गिरणीत झालंय, हे मी मॅनेजरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा नीट ऐकायला लागले.

ठरलं ते असं. एक माणूस फक्त मटेरियल पुरवणार, बिन संपायच्या आत. दोन्ही रजिस्टरचं एक. चुकलेला हार्नेस रिवर्कला न जाता जिने केला तिच्याकडेच परत, पण लाइन थांबू नये म्हणून पोस्ट बदलायच्या वेळी. आणि दर दोन तासांनी टेपिंग, इन्सर्शन, टेस्ट अशी अदलाबदल.

या अदलाबदलीवरूनच सगळं पेटलं. टेस्टवरच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, नऊ वर्षं घालवली मी इथे पोचायला, आता कालची पोरगी दोन तास माझ्या जागेवर बसणार आणि मी टेपिंग करणार?" आणि त्यांचं बरोबरच होतं, टेस्टला ग्रेड वरची होती. मी कागदावर अंगठ्याचा विचार केला होता, मानाचा केला नव्हता. शिवाय रोटेशनमुळे चहाची सुट्टी पंधरा मिनिटं पुढे सरकत होती. कमिटीवाल्यांनी औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९अ काढलं, कामाच्या वेळा, मधल्या सुट्ट्या, ग्रेड यातलं काहीही बदलायचं तर २१ दिवसांची नोटीस लागते. मला हे माहीत असायला हवं होतं. (औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येसुद्धा ही २१ दिवसांची नोटीस आहे, चहाची वेळ हलवतानाही बघून घ्या.) नोटीस दिली आणि ते २१ दिवस खरंतर कामी आले, रोज कोणी ना कोणी येऊन बोलून गेलं. शेवटी रोटेशन स्वखुशीवर ठेवलं, टेस्टला बसायचं तर स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता) तिसरी पायरी लागेल, ती पास करायची ताईंच्या हातात, आणि जी पास होईल तिला महिना ४०० रुपये अलाउन्स. या ४०० रुपयांना वरून मंजुरी यायला चार महिने लागले.

फेब्रुवारीत एका लाइनवर चालू केलं. पहिला महिना वाईट गेला, आउटपुट पडलं, मला रोज सकाळच्या मीटिंगमध्ये उभं करायचे. दुसऱ्या महिन्यात जुन्या आकड्यावर आलं. तिसऱ्यात रिवर्कच्या टेबलावरचा ढीग जवळपास निम्म्यावर आला, मला वाटतं त्यात सगळ्यात मोठा वाटा चुकलेला हार्नेस जिचा तिला परत देण्याचा होता, एका मुलीने तर स्वतःहून येऊन विचारलं आज माझे किती परत आले.

ताईंची वही मागितली तर त्या दोन दिवस देईनात. मग म्हणाल्या झेरॉक्स काढा, मूळ वही माझ्याकडेच राहील. त्यातली चित्रं मोठी करून प्रत्येक बोर्डवर लावली. नवीन जेडीतला एक मुद्दा त्यांनीच तोंडी सांगितला, "नवीन चूक दिसली तर लिहून ठेवणे आणि पाळी बदलताना पुढच्या बाईला सांगणे", तो मी शब्द न बदलता तसाच टाकला.

टेपिंगच्या मावशींचा अंगठा मात्र सुटला नाही. त्यांना इन्सर्शनचे बारीक टर्मिनल दिसेनात, चष्म्याचा नंबर वाढला होता, त्या आपणहून टेपिंगला परत गेल्या. डोळे तपासणीचा कॅम्प लावायचा प्रस्ताव मी दिला होता, माझी नोकरी बदलली तेव्हाही तो सहीसाठी टेबलावरच होता.